हॅलोजन काढून झेनॉन किट टाकावं का?

कात्रजकर: मंडळी, माझ्या हॅचबॅकच्या हेडलाइटला एच४ हॅलोजन (खालचा म्हणजे लो आणि वरचा म्हणजे हाय बीम एकाच बल्बमध्ये) आहेत आणि ताम्हिणीतून रात्री पावसात येताना रस्ता अक्षरशः दिसत नाही. नाना पेठेत एक जण झेनॉन किट बसवून देतो म्हणतोय, बल्ब आणि सोबत एक डबी. हे चालतं कसं नक्की? ३५ वॅटचा बल्ब ५५ वॅटच्या हॅलोजनपेक्षा जास्त उजेड कसा काय देतो?

वायरिंगवाला: झेनॉनमध्ये फिलामेंटच, म्हणजे तापून उजळणारी तारच नसते. क्वार्ट्झच्या छोट्या कुपीत टंगस्टनचे दोन इलेक्ट्रोड, आत झेनॉन गॅस आणि धातूंचे क्षार. ती डबी म्हणजे बॅलास्ट, ती बॅटरीच्या १२ व्होल्टचे क्षणभर २० हजारांच्या वर व्होल्ट करते, तेव्हा कुठे गॅसमधून आर्क, म्हणजे विजेची ज्योत पेटते. मग क्षार तापून वाफ होतात आणि खरा उजेड त्या वाफेचा, म्हणूनच सुरुवातीला निळसर दिसतो आणि पूर्ण उजेड यायला काही सेकंद जातात. एकदा पेटला की बॅलास्ट व्होल्टेज खाली आणून करंट आवरून धरतो. हॅलोजनची बरीचशी वीज उष्णतेत जाते, लो बीमला साधारण १००० ल्युमेन (उजेडाचं माप) मिळतात, कंपनीतूनच येणाऱ्या डी२एस प्रकारच्या झेनॉन बल्बला ३२००. १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या ७ सीरीजला पहिल्यांदा आले हे.

कोथरूडची_ड्रायव्हर: दादा प्लीज किट नका टाकू. एच४ मध्ये लो बीमच्या फिलामेंटखाली एक बारकी धातूची वाटी असते, ती खाली जाणारा उजेड अडवते म्हणून समोरच्याच्या डोळ्यात जात नाही, आणि रिफ्लेक्टरचा आकार त्या फिलामेंटच्या जागेवरच बेतलेला असतो. तिथे आर्क आला की त्याचा आकार वेगळा, जागा थोडी इकडेतिकडे, सगळा उजेड विस्कटतो. नवले पुलाच्या उतारावर समोरून असली गाडी आली की दोन सेकंद काहीच दिसत नाही, टू-व्हीलरवाल्याचं काय होत असेल विचार करा. युरोपात २००० ल्युमेनच्या वरच्या लाइटला बीमची उंची आपोआप लेव्हल करणारी सिस्टीम आणि काच धुणारा वॉशर लागतो, ते उगाच नाही.

कात्रजकर: मग प्रोजेक्टर, म्हणजे भिंगवाला हेडलाइट बसवला तर ताई?

कोथरूडची_ड्रायव्हर: झेनॉनसाठीच बनवलेला असेल तर कटऑफ (उजेडाची वरची कड) नीट येतो, पण लेव्हलिंगचा प्रश्न राहतोच, मागे चार माणसं बसली की गाडीचं नाक वर.

वायरिंगवाला: आधी काच पिवळी पडलीय का बघ, ती पॉलिश करून घे, मग जाड वायरचा रिले हार्नेस (बॅटरीतून थेट बल्बला वीज देणारं वायरिंग) टाक. जुन्या गाडीत बल्बपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोचतच नाही, आणि व्होल्टेज थोडं पडलं तरी हॅलोजनचा उजेड खूप पडतो. मग भिंतीसमोर गाडी लावून बीमची उंची सेट करून घे.