मदत हवी आहे: चार देशांच्या संशोधन निधीची विषयवार तुलना कशी करावी?

मंडळी, वाशीच्या एका कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. पीएचडीसाठी भारत, चीन, ब्राझील आणि दक्षिण आफ्रिकेत कुठल्या विद्याशाखेला किती पैसा जातो ते मांडायचंय. एकूण आकड्यांचं काही अडलेलं नाही. २०२०-२१ मध्ये आपला संशोधनखर्च जीडीपीच्या ०.६४ टक्के, चीनचा २.४ च्या आसपास, ब्राझील एक टक्क्याच्या जरा वर, दक्षिण आफ्रिका आपल्याच पंगतीत. घोडं अडतंय ते विषयवार फोडीपाशी.

ओईसीडी या विकसित देशांच्या संघटनेच्या फ्रास्काटी मॅन्युअलमध्ये (संशोधनखर्च मोजण्याची नियमपुस्तिका) सहा विद्याशाखा आहेत, पण आपला हिशेब लागतो सरकारी खात्यांनुसार. खारघरची अ‍ॅक्ट्रेक ही संशोधनसंस्थाच घ्या. काम कॅन्सरवरचं, संस्था टाटा मेमोरियल सेंटरची आणि पैसा अणुऊर्जा विभागाचा! हा खर्च वैद्यकात धरू की अणुविज्ञानात? संरक्षण संशोधन करणाऱ्या डीआरडीओचं तर विचारूच नका. संरक्षण हे उद्दिष्ट झालं, विषय नव्हे. त्यांच्याकडे रडारवाले आहेत तशी म्हैसूरला अन्नप्रक्रियेची प्रयोगशाळाही आहे.

सामाजिक शास्त्रांचा पैसा आणखी तिसरीकडे. त्यांना अनुदान देणारी परिषद आयसीएसएसआर (स्थापना १९६९) शिक्षण मंत्रालयाखाली, त्यामुळे विज्ञान खात्यांच्या तक्त्यात ती सापडत नाही. चीनमध्येही नुसती एनएसएफसी (राष्ट्रीय नैसर्गिक विज्ञान निधी) पाहिली तर इतिहास-साहित्याला छदाम मिळत नाही असं वाटेल, कारण त्यासाठी राष्ट्रीय सामाजिक शास्त्र निधी वेगळा आहे. ब्राझीलमध्ये केंद्राचेच आकडे घेतले तर फापेस्प ही साओ पाउलो राज्याची निधीसंस्था सुटते. साओ पाउलोच्या राज्यघटनेनुसार राज्याच्या करउत्पन्नाचा १ टक्का तिला मिळतो. (असं कलम आपल्याकडे आणायचं म्हटलं तर वित्त विभाग काय म्हणेल ते सांगायला नको.)

दुसरा प्रश्न चलन बदलण्याच्या दराचा. घणसोलीत भाड्याने राहणाऱ्या जेआरएफचे (पीएचडीच्या शिष्यवृत्तीधारकाचे) महिन्याचे ३७,००० रुपये पीपीपीने, म्हणजे स्थानिक क्रयशक्तीनुसारच्या दराने, मोजणं पटतं. पण जर्मनीहून मागवलेल्या मायक्रोस्कोपचं बिल युरोतच भरावं लागतं. सगळ्याला एकच दर लावू का?

गाइड म्हणतात, "खातेनिहाय तक्ता दे आणि मोकळी हो." मला ते पटत नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

प्रतिसाद १ (कोपरीकर): ताई, विषय संस्थेला लावू नका, अनुदानाला लावा. पगार-इमारतींचा पैसा बाजूला काढा आणि अर्ज करून मिळणाऱ्या प्रकल्प-अनुदानांचीच तुलना करा. इकडे एएनआरएफ (राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान), डीबीटी (जैवतंत्रज्ञान विभाग), आयसीएमआर (वैद्यकीय संशोधन परिषद), आयसीएसएसआर. तिकडे ब्राझीलच्या केंद्राची निधीसंस्था सीएनपीक्यू, फापेस्प, चीनचे दोन्ही निधी आणि दक्षिण आफ्रिकेची निधीसंस्था एनआरएफ. शिष्यवृत्त्यांना पीपीपी, आयात उपकरणांना बाजारदर. आणि जाहीर झालेला पैसा खर्चात धरू नका. एएनआरएफचे २०२३-२८ साठीचे ५०,००० कोटी सगळीकडे छापून आलेत, त्यात सरकारचे १४,०००. बाकीचे मुख्यतः उद्योग आणि देणगीदारांकडून यायचे आहेत.

धागाकर्ती: धन्यवाद! पण मग अ‍ॅक्ट्रेकचा मूळ निधी आणि अख्खं डीआरडीओ बाहेर जातं. चीनमध्ये तीन चतुर्थांशांहून जास्त खर्च कंपन्या करतात, तोही गेला. 'संशोधन निधी' हे शीर्षक कसं टिकणार?

कोपरीकर: नाही टिकणार. 'स्पर्धात्मक अनुदान' करा. गाइड कुरकुरतील, पण व्हायव्हात तुम्हीच सुटाल.

धागाकर्ती: शीर्षक बदलायला समितीची मंजुरी लागते. नोंदणीनंतर कुणी असा बदल करून घेतलाय का इथे? अर्जात कारण काय लिहिलंत?