नाटकाच्या तलवारी-ढालींची नवी चकाकी कशी घालवावी?

नेपथ्य_फोंडा
जत्रेतल्या ऐतिहासिक नाटकासाठी शस्त्रे नवी केली आहेत. पाती साध्या लोखंडी पट्टीची, बिनधारेची. मुठी ओतीव पितळेच्या, चिलखत ॲल्युमिनियमच्या पत्र्याचे. दिव्यांखाली सगळे लखलखते. रंग मारला तर कडांवरून सोलतो. रसायनाने काळे करता येईल का?

भट्टी_म्हापसा
तिन्ही धातूंना एकच औषध लागू पडत नाही. पात्यांपुरते सांगतो.

४०० नंबरच्या पॉलिशपेपरने घासा, थिनरने पुसा, त्यानंतर हातमोज्यांशिवाय शिवू नका. बोट लागले की तिथे डाग राहतो. ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड ४०० मिली, पांढरे व्हिनेगर ५० मिली, मीठ एक चहाचा चमचा. हे मिश्रण झाकणबंद बाटलीत साठवू नका, वायू साठून बाटली फुटते. पात्यावर फवारा, तासाभरात तांबडा गंज चढेल. मग पाते पाण्यात २० मिनिटे उकळा. तांबडा गंज काळा होतो, आणि तो काळा थर लोखंडाला घट्ट धरतो. वरची सुटी पूड ०००० नंबरच्या स्टील वूलने हलक्या हाताने काढा. असे तीन-चार वेळा केले की रंग खोल दिसतो. लांब पात्यासाठी साध्या पत्र्याची पन्हळ दोन शेगड्यांवर ठेवा. गॅल्व्हनाइज्ड पत्रा नको. शेवटची उकळी ताज्या पाण्यात द्या आणि पाते गरम असतानाच तेल चोळा. मीठ मागे राहिले तर आपल्या हवेत आठवड्यात पुन्हा तांबडे फुटेल.

बाजारातले गन ब्लू, म्हणजे बंदुकीचे लोखंड काळे करायचे औषध, पटकन काळे करते, पण थर पातळ, आणि त्यात बहुधा सेलेनियमचे विषारी संयुग असते. डागडुजीपुरतेच वापरावे.

पितळकाम_डिचोली
मुठींवर लॅकर (चकाकी टिकवणारा पारदर्शक लेप) असेल तर आधी ते पेंट रिमूव्हरने काढा, नाहीतर काहीच होणार नाही. मग चिंचेने घासून धुवा. झाकणाच्या प्लॅस्टिक डब्यात तळाशी वाटीभर लिकर अमोनिया (पाण्यात विरघळवलेला तीव्र अमोनिया) ठेवा. मूठ दोऱ्याने वर टांगा, द्रवाला टेकता कामा नये. चार तासांनी बघा, गडद तपकिरी हवा असेल तर रात्रभर ठेवा. हे उघड्या अंगणातच करा, आणि जवळपास ब्लीच नको.

एक गोष्ट नक्की सांभाळा: अमोनिया फक्त ओतीव पितळेला. ठोकून वाकवलेल्या पातळ पितळी पत्र्यात ताण साठलेला असतो, त्याला अमोनियाने चिरा जातात. हातात धरायच्या वस्तूत ते धोक्याचे.

रंगपेटी
ॲल्युमिनियमच्या नादी लागू नका. मोरचूद-मिठाच्या पाण्याने काळपट होते खरे, पण तो तांब्याचा भुसभुशीत थर असतो आणि नटाच्या अंगरख्याला लागतो. पत्रा घासा, एच (etch) प्रायमर, म्हणजे गुळगुळीत धातूला घट्ट धरणारा अस्तराचा रंग, द्या, त्यावर मॅट काळा. कडांवरून कोरड्या ब्रशने थोडा रुपेरी फिरवा. रंग सोलत होता तो बहुधा प्रायमर नसल्यामुळेच.

नेपथ्य_फोंडा
पावसाळ्यात मुठींवर हिरवे ठिपके येतील का?

पितळकाम_डिचोली
अमोनिया नीट धुतला नाही तर येतील. लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे खायचा सोडा घालून बुडवा, स्वच्छ पाण्याने धुवा, हेअर ड्रायरने खाचा सुकवा. मग मेण लावा. तेल नको, घामट हातात मूठ सटकते. मोसम संपला की मेणाचा आणखी एक हात द्या.