मदत हवी आहे : रोमन रेन्सची १३१६ दिवसांची राजवट, काय बघू आणि काय गाळू?

उशिरा_आलो

नमस्कार मंडळी,

थोडी मदत हवी आहे आणि थोडं भांडायचंही आहे.

मी टेन स्पोर्ट्सच्या जमान्यातला, डब्ल्यूडब्ल्यूईच्या शो-कुस्तीचा प्रेक्षक. एज, बटिस्टा, रे मिस्टेरिओ यांचा काळ. २००६ मध्ये खलीने अंडरटेकरला आडवा केला तेव्हा आमच्या वर्गात दोन तट पडले होते. पुढे नोकरी लागली आणि बघणं सुटलं. एप्रिल २०२५ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई भारतात नेटफ्लिक्सवर आलं, तेव्हापासून भाच्याच्या नादाने पुन्हा सुरू झालंय. भाचा नववीत, रोमन रेन्सचा कट्टर भक्त. जेवायला बसतानाही एक बोट वर करून "अ‍ॅकनॉलेज मी" म्हणतो. दिवाळीच्या सुट्टीत तो आमच्याकडे येतोय आणि रोमनची चॅम्पियनपदाची अख्खी राजवट, म्हणजे ३० ऑगस्ट २०२० च्या पेबॅकपासून ७ एप्रिल २०२४ च्या रेसलमेनिया ४० पर्यंत (ही कंपनीच्या मोठ्या कार्यक्रमांची नावं), मामासोबत बघायची असा त्याचा हट्ट आहे.

१३१६ दिवस! हल्क होगननंतर कंपनीचा मुख्य बेल्ट (विजेतेपदाचा पट्टा) इतका काळ कोणाकडेच सलग राहिला नव्हता. सगळं बघत बसलो तर पुढची दिवाळी उजाडेल. तेव्हा कुठल्या लढती बघायच्याच आणि कुठल्या बिनधास्त गाळायच्या, ते जाणकारांनी सांगावं.

आता भांडण. तुकड्यातुकड्यांत जे पाहिलंय त्यावरून माझं मत झालंय की या काळात रोमनसमोर उभे केलेले निम्म्याहून जास्त आव्हानवीर नुसती खोगीरभरती होती. गोल्डबर्ग काय, लोगन पॉल काय! लोगन पॉलची तर ती आयुष्यातली तिसरी लढत, आणि थेट मुख्य बेल्टसाठी. निकाल आधी ठरलेला असतो हे मलाही माहीत आहे, त्यावर प्रतिसाद नकोत. पण घंटा वाजते तेव्हा "आज बेल्ट जातोय की काय" अशी धाकधूक तरी वाटावी ना? ती मला एकदाच वाटली. १८ फेब्रुवारी २०२३, माँट्रियल, समोर सॅमी झेन. शेजारच्या लावालचा पोरगा, अख्खं स्टेडियम त्याच्या बाजूने. तिथे त्याला का हरवला, हे मला आजही पटलेलं नाही. कोणी पटवून देईल का?

तिसरी_घंटा

झकास धागा. आधी मदत करतो, मग भांडू.

पेबॅकची पूर्ण लढत बघायची गरज नाही, शेवटची पाच-सात मिनिटं बघा. फीन्ड आणि स्ट्रोमन एकमेकांना बदडून अर्धमेले झालेत, रिंग कोसळली आहे, आणि मग हा गृहस्थ आपला मॅनेजर पॉल हेमनला घेऊन येतो, करारावर सही करतो आणि बेल्ट उचलतो. पुढची साडेतीन वर्षं कशी जाणार ते तिथेच कळतं.

भाच्याला एक गोष्ट आधी सांगून ठेवा. याच रोमनला कंपनी वर्षानुवर्षं हिरो म्हणून पुढे ढकलत होती आणि लोक हुर्यो उडवत होते. २०१७ मध्ये अंडरटेकरला हरवल्यानंतरच्या रॉमध्ये (कंपनीचा साप्ताहिक कार्यक्रम) तर त्याला तोंड उघडू देत नव्हते. ऑक्टोबर २०१८ मध्ये त्याने ल्युकेमिया परत आल्याचं सांगून बेल्ट सोडला तेव्हा कुठे टाळ्या मिळाल्या. २०२० मध्ये तो हील (खलनायक) होऊन परतला तेव्हा कोविडमुळे प्रेक्षकच नव्हते, चारही बाजूंना नुसते पडदे आणि त्यावर घरी बसलेल्यांचे चेहरे. माझ्या मते तेच त्याच्या पथ्यावर पडलं. मारता मारता तो हळू आवाजात जे बोलतो ते शब्द न् शब्द ऐकू येतं.

म्हणून पहिल्या दोन अनिवार्य लढती : रोमनचा भाऊबंद जे उसो याच्याविरुद्ध क्लॅश ऑफ चॅम्पियन्स २०२० आणि त्यानंतर महिन्याभरात हेल इन अ सेल. पहिलीत जे हार मानत नाही म्हणून शेवटी त्याचा जुळा भाऊ जिमी टॉवेल फेकतो. दुसरी "आय क्विट" लढत. तिथे रोमन जिमीचा गळा आवळतो आणि भावासाठी जे हरतो. बेल्ट निमित्तमात्र, ही सगळी भाऊबंदकी आहे. घरातला कर्ता कोण, कोणी कोणापुढे मान खाली घालायची, एवढाच प्रश्न. हे दोन भाग पाहिले की आमच्या मातोश्रीही येऊन बसल्या आणि "त्या धाकट्याने वेगळं निघावं" असा सल्ला देऊन गेल्या.

त्यानंतर रेसलमेनिया ३७ (एज आणि डॅनियल ब्रायनला एकावर एक रचून दोघांनाही एकदम पिन करतो, म्हणजे खांदे टेकवून तीन मोजेपर्यंत दाबून धरतो, ते बघाच). समरस्लॅम २०२१ मधला सीना पण चालेल, लढतीपेक्षा आधीचे प्रोमो (माइकवरची जुगलबंदी) जास्त चांगले. ब्रॉक लेस्नरशी वारंवार झालेल्या लढती गाळा. अपवाद समरस्लॅम २०२२, कारण ब्रॉक ट्रॅक्टर घेऊन येतो आणि रिंगच उचलतो. नववीतल्या पोराला ते आवडणार नाही असं होणारच नाही.

हातचा_एक

तिसरी_घंटा यांच्या यादीत एक भर. रॉयल रंबल २०२२, सेथ रोलिन्स. लोक ही गाळतात कारण निकाल डिसक्वालिफिकेशनचा आहे. पण सेथ त्या रात्री मुद्दाम शील्डचा, म्हणजे त्याच्या आणि रोमनच्या जुन्या गटाचा, पोशाख घालून येतो. २०१४ मध्ये त्याने रोमनच्या पाठीत खुर्ची घातली होती, ती जखम तो उकरून काढतो. हा धागा रेसलमेनिया ४० मध्ये पुन्हा सापडतो, आणि तिथे त्याच पोशाखामुळे रोमनचं काय होतं ते सांगत नाही, भाच्यासोबतच बघा.

आता सॅमी. उशिरा_आलो, तुमचं म्हणणं भावनेला पटतं, गोष्टीला पटत नाही.

सॅमीला बेल्ट कधीच नको होता. २०२२ मध्ये तो ब्लडलाइनच्या (रोमन आणि उसो बंधूंच्या टोळीच्या) मागे लागला कारण त्याला कुठेतरी आपलं म्हणवून घ्यायचं होतं. रोमनने त्याला "ऑनररी ऊस"चा (ऊस म्हणजे त्यांच्या सामोअन बोलीत भाऊ) टी-शर्ट दिला तेव्हाचा त्याचा चेहरा बघा. त्याच्यावर सर्वांत जास्त खार खाऊन होता जे. नोव्हेंबर २०२२ च्या वॉरगेम्समध्ये सॅमीने जुना जिवलग केव्हिन ओवेन्सला दगा दिला आणि जेने त्याला मिठी मारली. मग २३ जानेवारी २०२३ च्या रॉमध्ये सॅमीवर "खटला" भरतात आणि त्याची बाजू कोण मांडतो? जे. पाच दिवसांनी रॉयल रंबलमध्ये रोमन सॅमीच्या हातात खुर्ची देतो, ओवेन्सला मार म्हणतो, आणि ती खुर्ची रोमनच्याच पाठीत बसते. जे मात्र काही न करता उठून निघून जातो. डब्ल्यूडब्ल्यूईने गेल्या वीस वर्षांत यापेक्षा चांगला प्रसंग लिहिला असेल तर मला दाखवा.

ही गोष्ट मैत्रीची होती. तिचा शेवट रेसलमेनिया ३९ च्या पहिल्या रात्री झाला. सॅमी आणि ओवेन्स एकत्र, समोर उसो बंधू, टॅग टीमचे बेल्ट, आणि तीही मेन इव्हेंटला. माँट्रियलमध्ये सॅमी जिंकला असता तर ओवेन्सचं काय केलं असतं?

उशिरा_आलो

दोघांचेही आभार, यादी टिपून घेतली.

पण हातचा_एक, सॅमीला बेल्ट नको होता तर त्याला बेल्टसाठी उभा का केला? आव्हानवीर म्हणून नाव जाहीर केलंत की प्रेक्षकाने आशा लावायची हे ठरलेलंच. रोमनकडे तेव्हा दोन बेल्ट होते, रेसलमेनिया ३८ ला ब्रॉकला हरवून एकत्र केलेले. एक माँट्रियलमध्ये सॅमीला, दुसरा रेसलमेनियाला पुढचा आव्हानवीर कोडी ऱ्होड्सला, काय बिघडलं असतं? एका माणसाच्या दिवसांचा आकडा फुगवण्यासाठी दोन आव्हानवीर खर्ची घातले असं माझं म्हणणं आहे.

बांधावरचा

अवांतर : आमच्याकडे याला नुरा कुस्ती म्हणतात आणि जत्रेत अशी झाली तर लोक फडातून उठवतात. वडील सांगायचे, वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियममध्ये दारासिंग आणि किंग काँगची फ्री स्टाईल बघायला तोबा गर्दी व्हायची, तेव्हाही अर्धे लोक "ठरवून आहे" म्हणायचे आणि पुढच्या वेळी पुन्हा तिकीट काढायचे. चालू द्या, वाचतोय.

कोपरा_सीट

बांधावरचा काका, "ठरलेलं असतं" यावर प्रतिसाद नकोत म्हणून धागाकर्त्याने सुरुवातीलाच हात जोडलेत हो!

उशिरा_आलो यांच्या बाजूने मी आहे, पण कारण वेगळं. सॅमीपेक्षा मला कार्डिफ जास्त लागलं. ३ सप्टेंबर २०२२, क्लॅश ॲट द कॅसल. १९९२ च्या वेम्ब्लीतल्या समरस्लॅमनंतर ब्रिटनमधला पहिला स्टेडियम शो. ड्रू मॅकिंटायरने २०२० मध्ये ब्रॉकला हरवून पहिल्यांदा बेल्ट जिंकला तो रिकाम्या हॉलमध्ये, एकही टाळी न ऐकता. आणि इथे आपल्या माणसांसमोर त्याला तेच पुन्हा मिळवायची संधी. आव्हानवीराला यापेक्षा भक्कम कारण काय असतं? मग ब्लडलाइनचा सोलो सिकोआ मध्ये पडला आणि रोमन सुटला. वर हरलेला ड्रू बॉक्सर टायसन फ्युरीबरोबर गाणं म्हणत बसला. घरचं कार्य बिघडल्यावर यजमानाने ऑर्केस्ट्रा सुरू ठेवावा तसं वाटलं ते.

हार ही अडचण नाही. हरल्यावर त्या माणसाचं काही झालं का, हे बघा. जे हरला आणि बदलला. सॅमी हरला आणि ओवेन्सकडे परतला. ड्रू हरला आणि पुढच्या आठवड्यात कॅरियन क्रॉसशी भांडत होता. फिन बॅलरचं तर विचारूच नका, एक्स्ट्रीम रूल्स २०२१ मध्ये जिंकता जिंकता रिंगचा दोर तुटला. दोर! सीझारो, रिडल, एलए नाइट, हे सगळे याच रांगेतले. नाइटला त्या वर्षी लोकांनी डोक्यावर घेतलं होतं, क्राउन ज्वेलमध्ये एकदा उभा केला आणि विषय संपवला.

दुसरं नुकसान बाकीच्यांचं. रेसलमेनिया ३९ ते ४० या वर्षभरात मोठ्या कार्यक्रमांत रोमनने बेल्ट तीनदाच पणाला लावला : जे, नाइट, आणि रॉयल रंबलची चौघांची लढत. चॅम्पियनच दिसत नाही म्हणून २०२३ मध्ये वेगळा वर्ल्ड हेवीवेट बेल्ट काढावा लागला आणि तो सेथने जिंकला. एक फायदा झाला खरा. इंटरकॉन्टिनेंटल या दुय्यम बेल्टला गुंथरने ६६६ दिवसांत जी किंमत आणून दिली ती मुख्य बेल्ट गायब असल्यामुळे जास्त उठून दिसली. कार्डिफच्या त्याच रात्रीची गुंथर-शेमस लढत भाच्याला दाखवा. रोमनचा संबंध नाही, पण छातीवर नुसत्या थपडा मारून माणसं अशी लाल होतात हे बघून तो "खोटं असतं" हा शब्द परत काढणार नाही.

हातचा_एक

कोपरा_सीट, ड्रूबद्दल मान्य. फिनच्या दोराबद्दल तर शंभर टक्के मान्य.

पण एक बेल्ट सॅमीला देऊन चाललं नसतं. कोडीचं मागणं बापाचं राहिलेलं काम होतं. १९७७ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनला डस्टी ऱ्होड्सने सुपरस्टार बिली ग्रॅहमला हरवलं, पण काउंट-आउटने (समोरचा मोजणी संपेपर्यंत रिंगबाहेर राहिला म्हणून), आणि काउंट-आउटने बेल्ट हलत नाही. डस्टीच्या हातात तो कधी आलाच नाही. आता ज्या माणसाला तोच बेल्ट हवा आहे, त्याच्यासमोर सॅमीकडून सहा आठवड्यांपूर्वी अर्धा हरलेला रोमन उभा करायचा?

उशिरा_आलो

मग त्यालाही रेसलमेनिया ३९ ला हरवलाच की! सोलोनेच घोटाळा केला तिथेही. तेच अस्त्र किती वेळा काढायचं?

तिसरी_घंटा

ते मात्र खरं. २०२३ मध्ये कोडी जिंकायला हवा होता असं मीही तेव्हा पहाटे साडेचारला उठून, चहा थंड करून, जोरजोरात म्हटलं होतं. आज माझं मत अर्धं बदललंय. कारण एक वर्ष लांबलं म्हणून फेब्रुवारी २०२४ मध्ये कोडीने रोमनसमोरची आपली जागा रॉकसाठी सोडली तेव्हा लोक खवळले, "वी वाँट कोडी"चा कल्लोळ झाला, आणि कंपनीला गोष्ट वळवावी लागली. आव्हानवीर लोकांनी निवडला असं निदान वाटावं तरी, असा तो एकच प्रसंग.

अर्धंच बदललंय, कारण मधलं वर्ष रटाळ गेलं. त्यातलं फक्त मनी इन द बँक २०२३ बघा, जिथे जे रोमनला पिन करतो. डिसेंबर २०१९ नंतर पहिल्यांदा कोणी रोमनला पिन केलं. आणि मग समरस्लॅम, जिथे जिमी जेला दगा देतो. बाकी पुढे पळवा.

उशिरा_आलो

ठीक. यादी अशी झाली : पेबॅकचा शेवट, जेच्या २०२० च्या दोन, रेसलमेनिया ३७, सीना, सेथ, ट्रॅक्टर, कार्डिफ (गुंथरसकट), वॉरगेम्स, रॉयल रंबल २०२३, माँट्रियल, रेसलमेनिया ३९ च्या दोन्ही रात्री, मनी इन द बँक, समरस्लॅम २०२३, आणि रेसलमेनिया ४०. साप्ताहिक भागांतला तो खटला कुठे मिळेल? आणि रेसलमेनिया ४० ची फक्त दुसरी रात्र पुरेल ना? पोराला बारापर्यंत झोपवायचं आहे, बहिणीची ताकीद आहे.

माँट्रियलबद्दल मत बदललेलं नाही, नोंद असावी.

कोपरा_सीट

खटल्याचा प्रसंग डब्ल्यूडब्ल्यूईच्या यूट्यूब चॅनलवर शोधा, असे तुकडे तिथे असतात.

दुसरी रात्र एकटी पुरणार नाही. पहिल्या रात्री रॉक आणि रोमन मिळून कोडी-सेथला हरवतात, म्हणून दुसऱ्या रात्री ब्लडलाइनचे नियम लागू होतात, म्हणजे कोणीही मध्ये घुसलं तरी चालतं. ते न बघता थेट गेलात तर सीना आणि अंडरटेकर कुठून आले असं भाचा विचारत बसेल. दोन रात्रींत वाटून घ्या. आणि जेचं पुढे काय झालं असं त्याने विचारलं, विचारेलच, तर तिसऱ्या रात्रीसाठी रेसलमेनिया ४१ ची गुंथर विरुद्ध जे ठेवा.