सहावा पिक आहे, टॅकल घेऊ की रिसीव्हर? (जुनी जखम आहे, जपून सांगा)

वहीवाला

मंडळी, शनिवारच्या आत उत्तर हवंय. (कोणी नवीन वाचत असेल तर: क्यूबी म्हणजे बॉल फेकणारा क्वार्टरबॅक, रिसीव्हर तो बॉल पळत जाऊन धरणारा, टॅकल क्यूबीपुढच्या पाच जणांच्या लाईनमध्ये कडेला उभा राहून त्याला वाचवणारा, गार्ड आणि सेंटर त्याच लाईनचे आतले, आणि बॉल फेकायच्या आतच क्यूबीला पाडलं की सॅक.)

आमचा अकरा जणांचा ग्रुप आहे. दर एप्रिलला खऱ्या एनएफएल ड्राफ्टच्या आधी (अमेरिकन फुटबॉलच्या टीम कॉलेजातले खेळाडू नंबराने निवडतात तो, एकेक निवड म्हणजे पिक) आम्ही आमचा खोटा ड्राफ्ट करतो, ३२ टीम वाटून घ्यायच्या, आपला नंबर आला की पिक सांगायचा आणि उभं राहून दोन मिनिटं तो का घेतला ते पटवायचं, आणि हे सगळं एका वहीत लिहिलं जातं. वही महत्त्वाची. कारण पुढच्या वर्षी सुरुवात करताना जुनी पानं मोठ्याने वाचतात.

२०२१ला सिनसिनाटी बेंगॉल्स माझ्याकडे होते, पाचवा पिक. आदल्या सीझनला त्यांचा क्यूबी जो बरोला दहा मॅचमध्ये ३२ सॅक पडलेले आणि नोव्हेंबरात गुडघा गेला, आता यात विचार काय करायचा? ओरेगन कॉलेजचा टॅकल पेनेय सूएल समोर होता, मी घेतला. वहीत माझ्याच अक्षरात लिहिलंय, "ज्याला फेकायलाच वेळ नाही त्याला रिसीव्हर काय चाटायचाय". खऱ्या बेंगॉल्सनी घेतला रिसीव्हर जमार चेस. पहिल्याच सीझनला ८१ कॅच, १४५५ यार्ड, १३ टचडाऊन, रुकी (पहिल्या वर्षाचा खेळाडू) ऑफ द इयर आणि टीम थेट सुपर बोलला, म्हणजे फायनलला. पुढे २०२४ला तर कॅच, यार्ड, टचडाऊन तिन्हीत लीगमध्ये पहिला. ते चाटायचं वाक्य मी आता दरवर्षी ऐकतो, एकाने तर ग्रुपचं नावच ते ठेवलं होतं काही दिवस.

यंदा परत तसंच ताट वाढून आलंय. सहावा पिक, क्यूबीचं दुसरं वर्ष सुरू होणार, पहिल्या वर्षी बिचारा मार खाऊन खाऊन अर्धा झाला. माझ्या नंबरपर्यंत एक लेफ्ट टॅकल आणि एक रिसीव्हर दोघंही उरतील असं दिसतंय. टीमचं नाव नाही सांगत, ग्रुपमधले दोघं इथे गुपचूप वाचतात (वाचताय ना रे?). मन म्हणतंय टॅकल, वही म्हणतेय रिसीव्हर.

रात्रपाळी

रिसीव्हर. पुढचा प्रश्न.

बरं नाही, सांगतो सविस्तर. सुपर बोल ५६ चा शेवट आठवतोय का, रॅम्स २३-२० पुढे, मिनिटभरसुद्धा उरलेलं नाही, मैदानाच्या साधारण मध्यावर बेंगॉल्सचा चौथा डाऊन (म्हणजे शेवटचा प्रयत्न) आणि हवा फक्त एक यार्ड. स्नॅप झाला (बॉल क्यूबीकडे आला) आणि चेसने रॅम्सच्या जेलन रॅमझीला मागे टाकलं, म्हणजे साफ मागे, पुढे मोकळं रान. आणि बरोला ते बघायलाच मिळालं नाही कारण तेवढ्यात रॅम्सचा ॲरन डोनाल्ड अंगावर आलेला, त्याने धरून गरकन फिरवला, बॉल कसाबसा हातातून सुटला आणि जमिनीवर. खेळ खलास.

ही क्लिप मी किती वेळा बघितली असेल देव जाणे. रिसीव्हरवाले म्हणतात बघा चेस मोकळा होता, लाईनवाले म्हणतात बघा मोकळा असून उपयोग काय. पण एक गोष्ट कोणी बघत नाही, डोनाल्ड आतून आला होता, गार्डच्या अंगावरून. सूएल टॅकल आहे, तो त्या दिवशी बेंगॉल्सकडे असता तरी आपला माणूस अडवून कडेला उभा राहिला असता आणि मान वळवून हे सगळं बघितलं असतं. तेव्हा तुमचं वाक्य चुकीचं नव्हतं, तुम्ही औषध चुकीच्या जागी लावत होता.

पाचांची भिंत

रात्रपाळी, क्लिप एक आहे आणि सीझन सतरा मॅचचा असतो.

त्या वर्षी बरोला रेग्युलर सीझनमध्ये ५१ सॅक, लीगमध्ये सगळ्यात जास्त, आणि प्लेऑफच्या चार मॅचमध्ये आणखी १९. सत्तर वेळा माणूस जमिनीवर. टेनेसीविरुद्ध एका मॅचमध्ये नऊ पडले आणि तरी शेवटच्या किकवर १९-१६ जिंकले, तर लोक तीच मॅच पुरावा म्हणून दाखवतात की बघा लाईन नसली तरी चालतं. अरे नऊ वेळा आपटून एकदा जिंकलात म्हणजे आपटणं तब्येतीला चांगलं असं होतं का?

आणि वहीवाले, तुम्ही उगाच मान खाली घालून बसलाय. सूएल दोन पिकनंतर सातव्याला डेट्रॉइट लायन्सकडे गेला, ओरेगनला लेफ्ट टॅकल होता त्याला इथे राईटला हलवलं आणि तो लीगमधला सगळ्यात भारी राईट टॅकल झाला, २०२३ आणि २०२४ दोन्ही वर्षी ऑल-प्रोच्या (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या) पहिल्या टीममध्ये. लायन्स २०२४ला १५-२. आता मुख्य मुद्दा ऐका, त्याच ड्राफ्टमध्ये लायन्सनी चौथ्या राऊंडला, ११२व्या पिकला, रिसीव्हर घेतला, अमॉन-रा सेंट ब्राऊन. म्हणजे भिंतही मिळाली आणि हातही मिळाले. चार्जर्सनी २०२४ला हेच केलं, पाचव्याला टॅकल जो ऑल्ट आणि दुसऱ्या राऊंडला ३४व्याला लॅड मकॉन्की, त्याने पहिल्याच वर्षी ८२ कॅच आणि ११४९ यार्ड काढले. पूका नकूआ तर पाचव्या राऊंडचा, पिक १७७, आणि रुकीचे कॅच आणि यार्ड दोन्ही रेकॉर्ड मोडले. चांगले रिसीव्हर आता कॉलेजमधून ढिगाने येतात, तो ढीग दुसऱ्या-तिसऱ्या राऊंडलाही संपत नाही. सहाव्याला मिळणारा टॅकल दुसऱ्या राऊंडला दाखवा मला.

अवांतर: डिसेंबर २०२२, लायन्स-व्हायकिंग्स, मॅच संपत आलेली, तिसरा डाऊन आणि सात यार्ड. ५८ नंबरचा सूएल रेफ्रीकडे जाऊन 'मी आज कॅच घेऊ शकतो' अशी नोंद करून आला, लाईनवरून सुटला आणि दीडशे किलोच्या माणसाने नऊ यार्डांचा पास धरला, फर्स्ट डाऊन, मॅच खिशात. कोण म्हणतं टॅकल घेतला की रिसीव्हर मिळत नाही.

रात्रपाळी

हे अवांतर मात्र आवडलं. बाकी असहमत.

हिशोबनीस

दोघंही मैदानावरच भांडताय, पैशाचं कोणीच बोलत नाही. लीग आणि खेळाडूंच्या २०११च्या करारापासून रुकीचा पगार पिक नंबरवर ठरतो, पोझिशनवर नाही. सहाव्या पिकला तुम्ही सेंटर घ्या, क्यूबी घ्या की रिसीव्हर, चार वर्षांचे पैसे जवळपास तेच, वर पहिल्या राऊंडवाल्याला टीमने हवं तर पाचवं वर्ष ठेवून घ्यायचा ऑप्शन. म्हणजे खरा प्रश्न असा की हा माणूस बाजारातून विकत आणायचा झाला तर किती पडला असता, आणि तो फरक तुमच्या खिशात किती वर्षं राहतो.

चेसचं एक्स्टेन्शन (पुढचा करार) मार्च २०२५चं, ४ वर्षं १६.१ कोटी डॉलर, वर्षाला चार कोटींच्या वर. सूएलचं एप्रिल २०२४चं, ४ वर्षं ११.२ कोटी, म्हणजे वर्षाला २.८, आणि त्या वेळी टॅकलमध्ये तो आकडा सगळ्यात वरचा होता. आता बघा, रुकीच्या पगारात चेससारखा मिळाला तर तुम्ही सूएलपेक्षा वर्षाला जवळपास सव्वा कोटी डॉलर जास्त वाचवले. त्यातून फ्री एजन्सीत (करार संपलेल्यांच्या बाजारात) एक बरा गार्ड येतो. उलटं करून बघा, टॅकल ड्राफ्ट केलात आणि रिसीव्हर बाजारातून आणायला गेलात तर एक तर तो बाजारात येतच नाही, टीम सोडत नाहीत, आणि आला तर घर विकावं लागतं.

पण भिंतकरांच्या बाजूने पण एक सांगतो नाहीतर ते रागावतील. चांगला टॅकलही बाजारात सहसा येत नाही. येतो तो जुन्या टीमला नकोसा झालेला, तिशी ओलांडलेला किंवा गुडघा दुखणारा. गार्ड आणि सेंटर मात्र येतात. बेंगॉल्सनी २०२२ला ॲलेक्स कॅपा आणि टेड कॅरस असेच आणले.

जुना_पंखा

टॅकल म्हणजे सेफ, रिसीव्हर म्हणजे जुगार, हे इतक्या वेळा ऐकलंय की आता कान किटले. १९८९ला पॅकर्सनी दुसऱ्या पिकला टॅकल टोनी मँडरिच घेतला, त्याच्या आधी ट्रॉय एकमन आणि नंतर ओळीने बॅरी सँडर्स, डेरिक थॉमस, डिऑन सँडर्स. पहिल्या पाचातले चौघं हॉल ऑफ फेममध्ये, उरलेला एक तो 'सेफ'. २००४ला रेडर्सनी दुसऱ्याला रॉबर्ट गॅलरी घेतला, टॅकल म्हणून जमलं नाही, शेवटी गार्डला बसवला. तिसऱ्याला कार्डिनल्सनी लॅरी फिट्जजेराल्ड घेतला, तो १७ सीझन खेळला आणि १४३२ कॅच घेऊन गेला, त्याच्या वर फक्त जेरी राईस. २०१३ला पहिले दोन्ही पिक टॅकल होते, दुसरा ल्यूक जेकल, आठवतो तरी का कोणाला?

रिसीव्हरवाल्यांनी पण फार उड्या मारू नका. २०२०ला ईगल्सनी २१व्याला जेलन रेगर घेतला आणि लगेच पुढच्या पिकला व्हायकिंग्सनी जस्टिन जेफरसन उचलला. दोघंही रिसीव्हरच होते.

टॅकल सेफ नसण्याचं कारण असं आहे की आजकाल कॉलेजात बॉल इतका पटकन हातातून जातो की टॅकलची खरी परीक्षाच होत नाही, दोन सेकंद ढकलाढकली केली की काम झालं, हात जमिनीला टेकवून बसायची सवय नाही, आणि समोर जो येतो तो बहुतेक वेळा पुढे कुठे खेळणारही नसतो. टेपवर (मॅचच्या रेकॉर्डिंगवर) पाय सुंदर दिसतात. पहिल्या खऱ्या रशरने (क्यूबीवर धावून येणाऱ्याने) छातीत दोन्ही हात घातले की कळतं.

आणि रिसीव्हरचं म्हणाल तर चेसचा २०२१चा ऑगस्ट आठवा. प्रीसीझनच्या एका मॅचमध्ये तीन सोपे पास हातातून सोडले. कॉलेजच्या बॉलवर पांढरे पट्टे असतात, एनएफएलच्या बॉलवर नसतात, त्यामुळे येताना नीट दिसत नाही असं तो म्हणाला तर सगळ्यांनी त्याची खिल्ली उडवली. तेव्हा आमच्या ओळखीत निम्मे लोक म्हणत होते सूएल घ्यायला हवा होता. सप्टेंबरात पहिली मॅच झाली आणि सगळे गप्प. तुमची वही ऑगस्टमध्ये वाचली असती तर तुम्हीच हिरो होतात.

तिसरा_डाऊन

वहीवाले दादा, एक साधा प्रश्न, तुमच्या क्यूबीला सॅक कुठून पडले? बाहेरून की आतून? आणि त्यातले त्याने स्वतः ओढवून घेतलेले किती?

हे बघितल्याशिवाय हा सगळा वाद हवेत आहे. सॅक हा लाईनचा आकडा म्हणून मोजतात पण निम्मा क्यूबीचा असतो. काही मुलं बॉल धरून बसतात, पॉकेट (लाईनमागची सुरक्षित जागा) नीट असतानाही मागे मागे सरकतात आणि मग टॅकलने कितीही वळसा घालून रशरला पाठवला तरी तो बरोबर यांच्याच कुशीत जाऊन पडतो. तसं असेल तर टॅकल बदलून काही होणार नाही. उलट पटकन मोकळा होणारा रिसीव्हर असेल तर बॉल लवकर जातो आणि सॅक आपोआप कमी होतात.

दुसरं, कच्चा टॅकल झाकता येतो पण फुकट नाही. शेजारी टाईट एंड उभा करायचा, रनिंग बॅकने बाहेर जाता जाता रशरला खांदा मारायचा. म्हणजे पास धरायला पाचजण पळायचे तिथे साडेतीन पळतात आणि समोर कव्हर करायला तेच सातजण. आतून गळत असेल तर हा पण उपाय नाही, मध्ये कोणाला उभं करणार? आणि आतून आलेला माणूस क्यूबीला सरळ तोंडावर दिसतो, पुढे पाऊल टाकायला जागाच राहत नाही. मला विचाराल तर तो बाहेरच्यापेक्षा वाईट.

टेप बघा आणि सांगा.

वहीवाला

ताई, दोन रात्री घालवल्या, प्रत्येक सॅक थांबवून थांबवून बघितला. सांगायला लाज वाटते पण हे मी २०२१ला केलं नव्हतं, तेव्हा फक्त आकडा बघितला होता.

निम्म्याहून जास्त आतून. राईट गार्ड आणि सेंटरच्या मधून म्हणजे दार उघडंच. एक तर असा आहे की दोघं एकाच माणसाला अडवतायत, दोघंही मन लावून, आणि दुसरा मधून चालत गेला, पळत पण नाही. बाहेरून आले त्यातले बरेच पोराने स्वतः ओढवलेत, तीन सेकंद होऊन गेले तरी बॉल हातात, बघतोय कोणी मोकळा होतंय का, आणि कोणी होत नाहीये. लेफ्ट टॅकल जो आहे तो काही सूएल नाही पण रडवत पण नाही.

म्हणजे रिसीव्हर सहाव्याला आणि दुसऱ्या राऊंडला गार्ड, असं ठरवतोय. भिंतकर, रागावू नका.

पाचांची भिंत

रागावत नाही, टेप बघून ठरवलंत यात आनंद आहे. फक्त तो दुसऱ्या राऊंडचा गार्ड खरोखर गार्डच घ्या, कॉलेजातला टॅकल घेऊन 'आत हलवू' म्हणू नका.

वहीवाला

झाला ड्राफ्ट. सहाव्याला रिसीव्हर घेतला, उभा राहिलो, दोन मिनिटं बोललो, डोनाल्डची क्लिप पण सांगितली, कोणी हसलं नाही. दुसऱ्या राऊंडची वेळ आली तर माझे दोन्ही गार्ड आधीच उचललेले. इथे वाचणाऱ्या त्या दोघांनी. मग उरलेल्यातला एक टॅकल घेतला, हात थोडे आखूड आहेत, आत हलवू म्हटलं.

रात्रपाळी

अरे देवा. २०२१ला बेंगॉल्सनी चेसनंतर दुसऱ्या राऊंडला मागे सरकून ४६व्याला कोण घेतला होता माहितीये ना?

पाचांची भिंत

जॅक्सन कारमन. क्लेमसनचा टॅकल. गार्डला हलवला. टिकला नाही.

वहीवाला

वहीत लिहून झालंय.