माजी अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या कमाईवर कायद्याचे बंधन असावे का?

मुळाकाठ

१९८९ च्या ऑक्टोबरमध्ये, पद सोडून जेमतेम नऊ महिने झाले असताना, रोनाल्ड रेगन जपानला गेले आणि फुजीसांकेई या माध्यमसमूहाचे पाहुणे म्हणून त्यांनी तिथे दोन छोटी भाषणे दिली. त्या दौऱ्याचे त्यांना सुमारे २० लाख डॉलर मिळाले. राष्ट्राध्यक्षाचे वार्षिक वेतन तेव्हा २ लाख डॉलर होते. म्हणजे आठ वर्षे देशाचा कारभार पाहून त्यांनी जे मिळवले, त्याहून अधिक पैसा एका दौऱ्यात मिळाला. यात बेकायदेशीर काहीच नव्हते, आणि माझा आक्षेप त्यालाच आहे.

अमेरिकी राष्ट्राध्यक्षांच्या गैरवर्तनाची चर्चा बहुधा वॉटरगेट (रिचर्ड निक्सन यांच्या काळात विरोधी पक्षाच्या कार्यालयातील घरफोडी दडपण्याचे प्रकरण), महाभियोग आणि खासगी आयुष्यातील प्रकरणे यांच्याभोवती फिरते. पद सुटल्यानंतरच्या कमाईकडे मात्र वैयक्तिक आवडीनिवडीचा प्रश्न म्हणून पाहिले जाते. मला हे दोन विषय वेगळे वाटत नाहीत. निवृत्तीनंतर आपले मानधन कोण देऊ शकेल हे पदावर असतानाच ठाऊक असेल, तर त्या देणाऱ्यांना दुखावणारा निर्णय घेताना हात आखडण्याची शक्यता राहते, आणि अशी तडजोड कोणत्याही कागदावर येत नसल्यामुळे ती सिद्धही करता येत नाही.

१९५३ मध्ये हॅरी ट्रूमन मिसुरीतील इंडिपेंडन्स गावी परतले, तेव्हा माजी राष्ट्राध्यक्षाला निवृत्तिवेतन नव्हते. त्यांना महिन्याला ११२ डॉलर ५६ सेंट मिळत, ते लष्करी सेवेचे. पदाच्या प्रतिष्ठेचा व्यापार होईल असा कोणताही व्यवहार, तो कितीही सभ्य असला तरी, आपण करणार नाही, अशी त्यांची जाहीर भूमिका होती. त्यांच्या ओढग्रस्तीची चर्चा होऊन १९५८ मध्ये माजी राष्ट्राध्यक्षांसाठी कायदा झाला आणि वर्षाला २५ हजार डॉलर, कार्यालय व कर्मचारी यांची सोय झाली. त्यामागील अपेक्षा उघड होती: देश तुमची काळजी घेईल, तुम्ही पद विकू नका. देशाने आपली बाजू पाळली आणि निवृत्तिवेतन आज मंत्र्याच्या वेतनाइतके आहे. दुसरी बाजू मात्र कायद्यात कधी लिहिलीच गेली नाही. जेराल्ड फोर्ड यांनी कंपन्यांच्या संचालक मंडळांवर जागा घेतल्या, बिल क्लिंटन यांनी पद सोडल्यानंतरच्या बारा वर्षांत भाषणांतून दहा कोटी डॉलरहून अधिक मिळवले, आणि बराक ओबामा यांनी २०१७ मध्ये वॉल स्ट्रीटवरील एका संस्थेच्या परिषदेत सुमारे ४ लाख डॉलर मानधनावर भाषण दिले.

माझी मागणी अशी की ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त कमाई असेल तर सरकारी निवृत्तिवेतन त्या प्रमाणात कमी व्हावे, पद सोडल्यावर पहिली पाच वर्षे परदेशी सरकारे आणि परदेशी कंपन्या यांच्याकडून मानधन घेण्यास बंदी असावी, आणि उरलेल्या सर्व कमाईची नोंद लोकांना पाहता यावी.

जुना नागरिक

मुळाकाठ, तुम्ही ज्याला तडजोड म्हणता तिचा एकही पुरावा दिलेला नाही, आणि ती सिद्ध करता येत नाही हे तुम्हीच लिहिले आहे. जे सिद्ध करता येत नाही त्यावर बंदी घालणारा कायदा संशयावर उभा राहतो. रेगन यांचेच उदाहरण घ्या. १९८७ मध्ये त्यांच्याच सरकारने सेमीकंडक्टरच्या वादात जपानी इलेक्ट्रॉनिक मालावर शंभर टक्के आयात शुल्क लावले होते. निवृत्तीनंतर जपानमधून मानधन मिळावे म्हणून झुकणारा माणूस असे करील का?

माजी राष्ट्राध्यक्ष हा खासगी नागरिक आहे. त्याला कमाई नाकारण्यापूर्वी युलिसिस ग्रँट यांचा शेवट आठवावा. १८८४ मध्ये फर्डिनंड वॉर्ड या भागीदाराच्या लबाडीमुळे ग्रँट अँड वॉर्ड ही पेढी बुडाली आणि ग्रँट कफल्लक झाले. धनाढ्य उद्योगपती विल्यम व्हँडरबिल्ट यांच्याकडून घेतलेल्या दीड लाख डॉलरच्या कर्जापोटी त्यांनी युद्धातील सन्मानचिन्हेसुद्धा त्यांच्या हवाली केली. घशाच्या कर्करोगाने जर्जर झालेल्या या माणसाने मृत्यूपूर्वी काही दिवस आपल्या आठवणी लिहून पूर्ण केल्या, आणि त्या पुस्तकाच्या उत्पन्नातून त्यांच्या पत्नीला सुमारे साडेचार लाख डॉलर मिळाले. पुस्तकाला मागणी होती ती त्यांच्या नावामुळे, आणि त्या नावात राष्ट्राध्यक्षपदही होतेच. तुमच्या तर्काने हाही पदाचा व्यापार ठरेल.

खरे घोटाळे पदावर असताना होतात. राष्ट्राध्यक्ष वॉरेन हार्डिंग यांचे अंतर्गत व्यवहार मंत्री (सरकारी जमिनींचे खाते सांभाळणारे) अल्बर्ट फॉल यांनी वायोमिंगमधील टीपॉट डोम आणि कॅलिफोर्नियातील एल्क हिल्स येथील नौदलाचे तेलसाठे हॅरी सिंक्लेअर आणि एडवर्ड डोहेनी या तेलउद्योजकांना निविदा न काढता भाड्याने दिले आणि त्या बदल्यात सुमारे ४ लाख डॉलर घेतले. सिनेटर थॉमस वॉल्श यांनी चिकाटीने चौकशी केली, न्यायालयांनी करार रद्द केले आणि १९२९ मध्ये फॉल दोषी ठरून पुढे तुरुंगात गेले. कायदा होता आणि तो लागू झाला. निक्सन यांच्या बाबतीत तर प्रश्न पैशाचा नव्हताच. त्यांनी सत्तेसाठी तपासात अडथळा आणला, आणि फोर्ड यांनी ८ सप्टेंबर १९७४ रोजी माफी दिल्यामुळे खटला चालला नाही. वेळ आणि राग खर्च करायचा तर तिथे करावा, भाषणांच्या मानधनावर नव्हे.

मुळाकाठ

ग्रँट यांच्या पुस्तकाला माझा आक्षेप नाही. पुस्तक हजारो अनोळखी वाचक विकत घेतात आणि त्यांतील कोणीही लेखकाला अंकित करू शकत नाही. वीस मिनिटांच्या भाषणाचे लाखो डॉलर एकच संस्था देते. शिवाय ग्रँट कफल्लक झाले तेव्हा निवृत्तिवेतन नव्हते, आज ते आहे. निक्सन यांच्याबद्दल मात्र तुमचे विधान अपुरे आहे. एप्रिल १९७४ मध्ये काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) संयुक्त कर समितीच्या कर्मचाऱ्यांनी त्यांचे कर-विवरण तपासले आणि व्याजासह सुमारे पावणेपाच लाख डॉलर कर थकल्याचा निष्कर्ष काढला. आपले जुने कागद राष्ट्रीय अभिलेखागाराला दिल्याची जी वजावट त्यांनी घेतली होती, तीही त्यात नाकारली गेली. पुढे १९७७ मध्ये दूरचित्रवाणी मुलाखतकार डेव्हिड फ्रॉस्ट यांना मुलाखती देण्यासाठी त्यांनी ६ लाख डॉलर आणि नफ्यातील वाटा घेतला. वॉटरगेटबद्दल न्यायालयात जे बोलावे लागले नाही, ते त्यांनी दूरचित्रवाणीवर पैसे घेऊन सांगितले. माफी आणि निवृत्तीतील कमाई यांचा संबंध याहून स्पष्ट कुठे दिसेल?

रेवा

वादाची सुरुवात ट्रूमन यांच्या गरिबीपासून झाली आहे, म्हणून त्या गरिबीबद्दल थोडे लिहिते. कोलोरॅडो विद्यापीठातील कायद्याचे प्राध्यापक पॉल कॅम्पोस यांनी २०२१ मध्ये ट्रूमन दांपत्याच्या कागदपत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. बेस ट्रूमन यांचे हे कागद २०११ मध्ये खुले झाले होते. पद सोडले त्या वर्षी ट्रूमन यांची मालमत्ता त्यांच्या स्वतःच्याच हिशेबाने सुमारे साडेसहा लाख डॉलर होती, असे त्यांतून दिसते. त्या काळच्या मानाने हा माणूस श्रीमंत होता. १९४९ पासून राष्ट्राध्यक्षाला वेतनाखेरीज वर्षाला ५० हजार डॉलरचा खर्चभत्ता मिळू लागला, आणि त्याचा मोठा भाग ट्रूमन यांनी स्वतःकडेच राखला, असा कॅम्पोस यांचा निष्कर्ष आहे. आठवणींच्या हक्कांचे ६ लाख डॉलर वेगळेच. तरीही जानेवारी १९५७ मध्ये प्रतिनिधीगृहातील बहुमत पक्षाचे नेते जॉन मॅककॉर्मॅक यांना पत्र लिहून त्यांनी सांगितले की आईकडून आलेली जमीन विकली नसती तर आपल्यावर सरकारी मदतीवर जगण्याची वेळ आली असती. काँग्रेसने त्यावर विश्वास ठेवला.

मला ट्रूमन यांच्याबद्दल आदर आहे आणि हे वाचून वाईट वाटले. पण नैतिकतेची चर्चा करताना आपण ज्यांना आदर्श मानतो त्यांचे हिशेबही तपासले पाहिजेत.

मुळाकाठ

रेवा, कॅम्पोस यांचे म्हणणे ग्राह्य धरले तर माझी मागणी अधिक आवश्यक ठरते. १९५८ च्या कायद्यात उत्पन्नाची कोणतीच अट नव्हती; म्हणून खाणउद्योगातून गडगंज झालेल्या हर्बर्ट हूवर यांनाही तेच २५ हजार डॉलर लागू झाले. माणसाच्या शब्दावर आणि प्रतिमेवर विसंबून केलेला कायदा असा फसतो, आणि त्यावर उपाय एकच, तो म्हणजे आकडे मागणे. २०१६ मध्ये काँग्रेसने दोन्ही पक्षांच्या पाठिंब्याने असे विधेयक मंजूर केले होते. वर्षाला ४ लाख डॉलरपेक्षा जास्त कमाई असेल तर वरच्या प्रत्येक डॉलरमागे सरकारी भत्त्यातून एक डॉलर कमी होणार होता. ओबामा यांनी ते नकाराधिकार वापरून परत पाठवले.

जुना नागरिक

तो नकाराधिकार का वापरला हेही लिहायला हवे होते. माजी राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयांतील कर्मचाऱ्यांचे पगार आणि लाभ त्या विधेयकाने तत्काळ थांबले असते आणि संरक्षणव्यवस्थेतही अडचणी आल्या असत्या, असे कारण त्यांनी दिले होते. भत्त्यात कपात करण्याला माझाही विरोध नाही, कारण तो जनतेचा पैसा आहे. विरोध आहे तो खासगी कमाईवरील बंदीला.

आणि संयम कायद्याने येतो हेही मला पटत नाही. जिमी कार्टर पदावर गेले तेव्हा त्यांनी शेंगदाण्याचा व्यवसाय विश्वस्ताच्या हाती दिला, आणि परतले तेव्हा त्यावर सुमारे १० लाख डॉलरचे कर्ज होते. त्यांनी व्यवसाय विकला, पुस्तके लिहिली आणि प्लेन्समधील जुन्याच घरात राहिले. कोणत्या कायद्याने त्यांना तसे वागायला लावले?

अवलोकिता

कार्टर यांचे उदाहरण पूर्ण सांगितले तर ते कायद्याच्याच बाजूने जाते. व्यवसाय विश्वस्ताकडे असूनही त्याच्या बँक-कर्जांबद्दल शंका निघाल्या. १९७९ मध्ये पॉल कुरन यांची विशेष चौकशीसाठी नेमणूक झाली, त्यांनी कागद तपासले आणि गैरप्रकार नसल्याचे सांगितले. कार्टर यांच्यावरचा डाग पुसला गेला तो चौकशीमुळे. पुढच्याच वर्षी त्यांचे बंधू बिली यांनी लिबियाकडून २ लाख २० हजार डॉलर घेतल्याचे उघड झाले, तेव्हाही सिनेटने तपास केला.

माझ्या मते दोघांचेही लक्ष भाषणांकडे आहे आणि त्याहून गंभीर वाट मोकळी आहे. ती म्हणजे राष्ट्राध्यक्षांच्या नावाने उभी राहणारी ग्रंथालये. त्यांच्यासाठी पदावर असतानाच देणग्या गोळा करता येतात, रकमेला मर्यादा नाही आणि देणगीदारांची नावे जाहीर करण्याची संस्थेवर सक्ती नाही. २००७ पासून लॉबिस्टांना (पैसे घेऊन सरकारी निर्णयांवर प्रभाव टाकण्याचे काम करणाऱ्यांना) आपल्या देणग्या नोंदवाव्या लागतात, इतकेच. २० जानेवारी २००१ रोजी, पदाच्या शेवटच्या दिवशी, क्लिंटन यांनी तेलव्यापारी मार्क रिच यांना माफी दिली. करचुकवेगिरी आणि इराणशी तेलाचा व्यवहार या आरोपांखाली १९८३ पासून ते फरारी होते आणि स्वित्झर्लंडमध्ये राहत होते. त्यांच्या घटस्फोटित पत्नीने क्लिंटन यांच्या ग्रंथालयाला ४ लाख ५० हजार डॉलर दिलेले होते. संघीय वकिलांनी चौकशी केली, आरोप दाखल झाले नाहीत. कार्टर यांनी मात्र, स्वतः त्याच पक्षाचे असूनही, या माफीला लाजिरवाणे म्हटले. देणगी आणि माफी यांचा संबंध असेल किंवा नसेल; पण देणग्यांची यादी त्या दिवशी लोकांसमोर असती, तर सही करण्यापूर्वी कोणीतरी थांबले असते असे मला वाटते. देणग्या जाहीर करण्याची सक्ती करणारे विधेयक प्रतिनिधीगृहाने एकाहून अधिक वेळा मंजूर केले आहे. त्याचा कायदा झालेला नाही.

जुना नागरिक

देणग्या जाहीर व्हाव्यात, हे मला पूर्ण मान्य आहे. पण २०२४ नंतर त्याचा उपयोग किती, हा प्रश्न मला अस्वस्थ करतो. १ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी निर्णय दिला की राष्ट्राध्यक्षाला त्याच्या मूलभूत घटनात्मक अधिकारांखालील कृतींबद्दल फौजदारी खटल्यापासून पूर्ण संरक्षण आहे, आणि माफीचा अधिकार त्यांत येतो. अधिकृत कृतीमागील हेतूची चौकशी न्यायालयांनी करू नये, असेही त्यात म्हटले आहे. लाच म्हणजे मुळात हेतूचा गुन्हा. हेतू तपासायचाच नसेल तर रिच प्रकरणासारखी चौकशी उद्या सुरू तरी कशी होईल? न्यायमूर्ती एमी कोनी बॅरेट बहुमतात होत्या, तरी लाचेच्या खटल्यातील पुराव्याच्या या मुद्द्यावर त्यांनी वेगळे मत नोंदवले.

रेवा

शिवाय निवृत्तीची वाट पाहण्याची गरजच आता उरलेली नाही. डोनाल्ड ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत त्यांच्या हॉटेलांमध्ये परदेशी सरकारांनी केलेल्या खर्चावरून खटले झाले, आणि जानेवारी २०२१ मध्ये, ते पदावरून गेल्यावर, विषय संपला म्हणून ते निकाली काढले गेले. प्रश्नाचे उत्तर मिळालेच नाही. जानेवारी २०२५ मध्ये दुसऱ्या शपथविधीच्या तीन दिवस आधी त्यांच्या नावाचे क्रिप्टो नाणे बाजारात आले आणि मे महिन्यात त्याच्या सर्वात मोठ्या धारकांसाठी त्यांनी भोजनाचा कार्यक्रम केला. फोर्ड आणि रेगन यांनी निदान पद सोडेपर्यंत थांबण्याचा संकेत पाळला होता. मुळाकाठ, तुमची पाच वर्षांची मुदत या प्रकाराला कुठे लागू होते?

मुळाकाठ

लागू होत नाही, आणि त्याचे कारण कायद्याच्या व्याख्येत आहे. हितसंबंधांच्या संघर्षाविषयीच्या फौजदारी कलमांतून राष्ट्राध्यक्षाला वगळलेले आहे, कारण घटनेने दिलेले काम करताना त्याला कोणत्याही विषयातून अंग काढून घेता येणार नाही, असा युक्तिवाद आहे. पदावर असेपर्यंत त्यात काही अर्थ आहे असे मानू. पण पद सोडल्यावरच्या बंधनांतूनही तो सुटला आहे. उपराष्ट्राध्यक्षाला आणि वरिष्ठ अधिकाऱ्यांना पद सोडल्यावर एक वर्ष परदेशी सरकारांची बाजू मांडता येत नाही, आणि निवृत्त लष्करी अधिकाऱ्याला परदेशी सरकारची नोकरी धरायची तर आधी परवानगी घ्यावी लागते. जुना नागरिक, माजी राष्ट्राध्यक्ष खासगी नागरिक आहे हे तुमचे म्हणणे मी जसेच्या तसे स्वीकारतो. मग माजी उपराष्ट्राध्यक्षावर आणि निवृत्त कर्नलवर जी बंधने आहेत, ती त्याच्यावर नसावीत याचे कोणते कारण तुम्ही द्याल?