विषय: एडिंबरा किल्ल्याची सहल, थोडं सविस्तर

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरमध्ये मास्टर्ससाठी इथे आले. मंडळाची किल्ल्याची सहल ठरतेय असं कळलं, म्हणून लिहिते. मी परवाच एकटी जाऊन आले.

मी कोल्हापूरची. गडावर गेलं की आधी पाणी कुठे आहे ते बघायचं, हे आजोबांनी शिकवलेलं. त्यामुळे स्कॉटलंडच्या राजमुकुटाच्या रांगेत न लागता मी आधी विहीर शोधली. 'फोर वेल' नावाची, कातळात खोल खणलेली. १५७३ च्या वेढ्यात तोफांच्या माऱ्याने डेव्हिड्स टॉवर कोसळला, त्याच्या ढिगाऱ्याने विहीर बुजली आणि पाण्यावाचून किल्ला पडला. पन्हाळ्याची अंधारबाव का एवढी बंदिस्त इमारतीत दडवलीय, ते मला इथे उभं राहिल्यावर नीट कळलं. आज जिथे अर्धगोल तोफांचा बुरूज दिसतो, तो त्याच पडलेल्या टॉवरच्या अवशेषांवर चढवलाय.

मुकुट पाहिला, १५४० मध्ये राजा पाचव्या जेम्ससाठी नव्याने घडवलेला. १७०७ मध्ये इंग्लंडशी एकीकरण झाल्यावर तो पेटीत बंद झाला आणि थेट १८१८ मध्ये लेखक वॉल्टर स्कॉटच्या पुढाकाराने बाहेर आला. शंभरावर वर्षं तो त्याच किल्ल्यात होता! सेंट मार्गारेटचं इवलंसं चॅपल मात्र चुकवू नका. बाराव्या शतकातलं आहे, आणि आजही तिथली फुलं मार्गारेट नावाच्याच बायका ठेवतात.

पण बाहेरच्या पटांगणात, एस्प्लनेडवर, एक क्रॉस आहे. ७८ व्या हायलँडर्स पलटणीचे १८५७-५८ मध्ये आपल्याकडे मेलेले शिपाई, त्यांचं स्मारक. मी तिथे बराच वेळ उभी होते. नमस्कार करावा की पुढे जावं, कळेना. मोठ्यांपैकी कोणी सांगाल का, तुम्ही तिथे काय करता?

— मार्चमॉन्टची विद्यार्थिनी

•

पोरी,

फार छान लिहिलंस. मी इथे तीस वर्षं आहे, पण विहीर कधी डोकावून बघितली नाही.

आधी सहलीचं बोलतो. तिकीट घरूनच ऑनलाइन काढा, दारात मिळेलच असं नाही. किल्ला सांभाळणाऱ्या हिस्टॉरिक एन्व्हायर्नमेंट स्कॉटलंड या संस्थेची वार्षिक वर्गणी भरलीत तर पुन्हा पुन्हा फुकट जाता येतं. वर्षभर राहणाऱ्या मुलांनी तेच करावं. एक वाजताची तोफ बघायची असेल तर रविवार टाळा, त्या दिवशी ती उडत नाही. १८६१ पासून चालू आहे. लीथ बंदरातली जहाजं तिच्यावर घड्याळं लावत.

आणि कोल्हापूरची आहेस म्हणून सांगतो. उत्तरेचा कडा खालून, प्रिन्सेस स्ट्रीट बागेतून बघ. १३१४ मध्ये किल्ला इंग्रजांकडे होता, तेव्हा स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूसचा सरदार थॉमस रँडॉल्फ तीस माणसं घेऊन रात्री त्याच कड्याने चढला. वाट दाखवणारा तरुणपणी गडावर राहिलेला होता आणि प्रेयसीला भेटायला चोरून उतरायचा. मला दरवेळी कोंडाजी फर्जंद आठवतो, १६७३ ला साठ माणसांनिशी पन्हाळा घेणारा. फरक एवढाच की महाराजांनी घेतलेला गड राखला, आणि ब्रूसने इंग्रजांना पुन्हा वापरता येऊ नये म्हणून हा किल्ला पाडून टाकला. चॅपल तेवढं ठेवलं.

क्रॉसबद्दल माझ्यापेक्षा मावशी सांगतील. त्या जालन्याच्या.

— लीथचे काका

•

बाळा,

ती पलटण मला लहानपणापासून माहीत आहे. ७८ वी हायलँडर्स २३ सप्टेंबर १८०३ ला असईला होती, इंग्रज सेनापती वेलस्लीच्या सैन्यात, शिंदे-भोसल्यांविरुद्ध. असई आमच्या जालना जिल्ह्यात. त्या लढाईबद्दल पलटणीला हत्तीचं चिन्ह आणि 'असई' हे नाव मिळालं. आमच्या गावाकडच्या एका खेड्याचं नाव स्कॉटिश पोरांनी बिल्ल्यावर मिरवलं. पुढे १८५७ ला हीच पलटण जनरल हॅवलॉकबरोबर कानपूरला गेली, ती नानासाहेब पेशव्यांवर. म्हणजे दोन्ही वेळा समोर आपलीच माणसं.

मी तिथे नमस्कार करत नाही, पण टाळूनही जात नाही. थांबते. ती पोरंही कुठल्या तरी ग्लेनमधून, डोंगरदरीतून, पोटासाठी निघालेली होती, हे खरं आहे. शिंद्यांच्या कवायती फौजेतली किती माणसं असईच्या त्या दोन नद्यांच्या बेचक्यात पडली, त्यांचा असा क्रॉस मी कुठे पाहिलेला नाही, हेही खरं आहे. दोन्ही मनात घेऊन उभी राहते. तुझा गोंधळ झाला ते बरोबरच झालं.

सहलीत मुलांना आधी तिथे थांबवू या. असईची गोष्ट मी सांगीन.

— मावशी

•

मावशी, काका,

आभार. मग शनिवारी साडेदहाला क्रॉसपाशीच जमू. विहिरीचं मी सांगते. थर्मासमधून चहा आणतेय, वर वारा फार आहे.