मदत हवी आहे: पिकअपवरच्या कॅम्परमध्ये कुत्रीसाठी गारवा कसा टिकवावा?

नमस्कार. पिकअपच्या हौद्यावर बसवलेला छोटा कॅम्पर, म्हणजे राहण्या-झोपण्याची सोय असलेली बंदिस्त खोली, आम्ही लांबच्या प्रवासासाठी वापरतो आणि सुमारे २८ किलो वजनाची लॅब्रॅडॉर कुत्री आमच्यासोबत असते. जिथे कुत्र्यांना प्रवेश नसतो तिथे जेवायला किंवा खरेदीला जायचे झाल्यास तिला तासाभरासाठी आत ठेवता येईल का, आणि त्यासाठी कॅम्परमध्ये नेमके काय असावे, याबद्दल अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे. एरवी आमच्यापैकी एक जण तिच्याजवळ थांबतोच. परंतु एकट्याने प्रवास करताना तो मार्ग उरत नाही.

सध्या छतावर १२ व्होल्टचा, हवा बाहेर फेकणारा पंखा आहे. तो चांगला असला तरी आतले तापमान बाहेरच्या तापमानाच्या खाली नेऊ शकत नाही, त्यामुळे बाहेर ३३ अंश असताना त्याचा भरवसा धरता येत नाही. ओल्या जाळीतून हवा खेचणारा कूलर मी विचारातून वगळला आहे, कारण कुत्रा मुख्यतः धापा टाकून, म्हणजे जिभेवरचा व श्वसनमार्गातला ओलावा उडवून अंग थंड ठेवतो आणि कोंदट हवेत नेमकी तीच क्रिया मंदावते.

म्हणून ५,००० बीटीयूचा (बीटीयू हे एसीची गारवा देण्याची क्षमता सांगणारे माप) खिडकीचा लहान एसी बसवण्याचा विचार आहे. तो साधारण ४५० वॉट घेतो. माझ्याकडे १२.८ व्होल्टची २०० अँपियर-तासांची लिथियम बॅटरी आहे, म्हणजे २,५६० वॉट-तास. इन्व्हर्टरमधली घट आणि थोडी राखीव वीज वजा केली तर साडेचार तास एसी चालावा. छतावर २०० वॉटचे सौर पॅनेलही आहे, मात्र ते उन्हात ठेवावे तर कॅम्पर तापतो आणि गाडी सावलीत लावावी तर पॅनेल जवळपास काहीच देत नाही.

माझा खरा प्रश्न एसी कोणता घ्यावा हा नाही. मी दूर असताना एसी बंद पडला तर काय, हा आहे. ती वेळ आपण कशी हाताळता?

प्रतिसाद १

आपले गणित बरोबर आहे, पण बॅटरी संपण्याआधी इतर गोष्टीच दगा देतात. इन्व्हर्टर बाकाखालच्या बंद कप्प्यात असेल तर तो स्वतःच तापून बंद होतो. एसीच्या मागच्या बाजूची गरम हवा बाहेर जायला ऐसपैस वाट नसेल, तर तीच हवा पुन्हा आत ओढली जाते आणि कॉम्प्रेसर धापा टाकू लागतो. शिवाय बटणांचे पॅनेल असलेले अनेक एसी वीज क्षणभर गेली तरी पुन्हा आपोआप सुरू होत नाहीत, तर फिरवायच्या खटक्याचे साधे एसी वीज आल्याबरोबर चालू होतात. विकत घेण्यापूर्वी हे अवश्य तपासावे. या कामासाठी मी जुन्या पद्धतीचा खटकाच पसंत करेन.

छतावरचा पंखा काढू नका. तो थेट बॅटरीवर ठेवून त्याला तापमानानुसार चालू होणारा स्वतंत्र स्विच जोडा. इन्व्हर्टर बंद पडला तरी पंखा सुरू होईल, आणि हवा आत येण्यासाठी खाली सावलीच्या बाजूची एक जाळीची खिडकी किंचित उघडी हवी. एसीला त्यामुळे थोडे जास्त काम पडेल, ते पडू द्यावे.

मुख्य म्हणजे आपल्याला उसंत किती मिळते, हे मोजून ठेवा. कडक उन्हाच्या दिवशी, कुत्री आत नसताना, एसी चालवून कॅम्पर २२ अंशांवर आणा, मग सगळे बंद करून दर पाच मिनिटांनी तापमान लिहा. २७ अंशांपर्यंत पोहोचायला जितकी मिनिटे लागतील, त्याच्या निम्म्या वेळात परत येता येईल इतक्याच अंतरावर जावे. बंद मोटारीत दहा मिनिटांत दहाएक अंशांची वाढ सहज होते आणि काच बोटभर उघडी ठेवल्याने फारसा फरक पडत नाही. कॅम्परच्या भिंतींत उष्णतारोधक थर असतो म्हणून तो काहीसा सावकाश तापतो, पण किती सावकाश, हे त्या त्या कॅम्परवर अवलंबून असते. काचांवरचे चंदेरी पडदे आतून नव्हे तर बाहेरून लावा, कारण ऊन एकदा काचेच्या आत आले की त्यातली बरीच उष्णता आतच राहते.

मूळ प्रश्नकर्ता

सविस्तर उत्तराबद्दल मनापासून आभार. चाचणी रिकाम्या कॅम्परमध्ये घ्यायची, तर कुत्रीच्या अंगची उष्णता हिशेबात धरायला नको का? दुसरे असे की, सिमकार्डवर चालणारे आणि मोबाइलवर सूचना पाठवणारे तापमापक यंत्र घेतले तर ते पुरेसे ठरेल का?

प्रतिसाद २

एवढ्या वजनाची कुत्री विश्रांतीत असताना चाळीसेक वॉट उष्णता देते, तर डोक्यावरचे ऊन छताच्या प्रत्येक चौरस मीटरवर हजार वॉटच्या आसपास असू शकते. तेव्हा तिची उष्णता किरकोळ आहे. तिच्या श्वासातला ओलावा मात्र किरकोळ नाही, म्हणून आर्द्रताही मोजणारे यंत्र घ्या. त्याला स्वतःची बॅटरी हवी, आणि ते एसीच्या झोताखाली न लावता ती जिथे झोपते तिथे, तिच्या नाकाच्या उंचीवर लावावे. नेटवर्क गेले की यंत्र गप्प बसते, आणि ही शांतता आपल्याला सुरक्षित वाटते. म्हणून ठरलेल्या वेळी आकडा आला नाही तर तोच धोक्याचा इशारा समजून निघावे. जिथे मोबाइलला नीट रेंज नाही तिथे तिला एकटे ठेवूच नये.

मर्यादा ठरवताना तिचे वय आणि वजनही पाहा. म्हातारी, लठ्ठ किंवा चपट्या नाकाची कुत्री बरीच आधी अडचणीत येतात. घट्ट लाळ, लालभडक हिरड्या, झोक जाणे यांपैकी काही दिसले तर अंगावर गार पाणी ओतत वारा घालावा आणि लगेच पशुवैद्यांकडे न्यावे. अंगावर ओला टॉवेल नुसता पांघरून ठेवू नये, तो गरम होऊन उष्णता अडवतो. पाण्याचे भांडे मात्र न कलंडणारे घ्या, कारण ते सांडले की आतली आर्द्रताही वाढते आणि तिच्यासाठी प्यायला पाणीही उरत नाही.